अकोल्याच्या उन्हात टोमॅटो लावणाऱ्या आईबाबांनो

मंडळी, या वीकेंडला कोडबद्दल काही नाही. विषय आहे लहान पोरांच्या हातून भाजी लावून घेणं, आणि त्या नावाखाली चाललेला पोरखेळ. पोरांचा नव्हे, मोठ्यांचा.

परीक्षा संपल्या की अकोल्या-अमरावतीच्या फ्लॅटांमधून 'मुलांसाठी गार्डनिंग किट' उघडली जातात. व्हिडिओतली कुणी परदेशी बाई सांगते, थंडी सरली, आता टोमॅटो लावा. बाई तिच्या गावी बरोबर आहे हो! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, कधी वरही जातो. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे गेलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, इथे तर अख्खं रोपच करपतं. मग काही बाप रात्री नर्सरीतून नवं रोप आणून गुपचूप त्याच कुंडीत खोचतात. पोरगं खूश, फोटो झकास. याला मी फसवणूक म्हणतो. आणि जे बाप तेवढंही करत नाहीत, त्यांचं पोरगं शिकतं की 'मला जमत नाही'. चुकीच्या सर्व्हरवर प्रोग्राम टाकायचा आणि प्रोग्रामरला शिव्या घालायच्या, त्यातलाच प्रकार.

बरं, १९६९ पासून अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. बसने जाता येतं. पण आम्ही विचारणार यूट्यूबला.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती कुठल्याच किटवर छापलेली नसते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथलं बोअरचं पाणी रोज कुंडीत ओता, थोड्या दिवसांत मातीवर पांढरी साय धरते. पालक, बीट थोडंफार सोसतात. घेवडा मुळीच नाही. तेव्हा पावसाचं पाणी साठवा, किंवा नळाचं वापरा.

तिसरं, आणि माझा खरा राग यावर आहे: बाजारातल्या पाकिटातलं भेंडीचं बी बरेचदा गुलाबी किंवा निळसर असतं. तो थायरमसारख्या बुरशीनाशकाचा लेप. वावरात त्याचं काम आहे, मान्य. पण जे पोर हातातलं सगळं तोंडात घालतं त्याच्या हातात ते का द्यायचं? स्वयंपाकघरातल्या डब्यात चवळी आहे, मेथी आहे. दोन्ही उगवतात. चवळीचं बी छोट्या बोटांना सापडतं आणि गरम ओल्या मातीत चार-सहा दिवसांत वर येतं. (आमच्याकडे तिच्या शेंगांना बरबटी म्हणतात.) मेथी महिन्याभरात ताटात. सांबार मात्र पहिल्यांदा लावू नका. पुणेकरांसाठी: कोथिंबीर. उगवायला आठ-दहा दिवस सहज घेते, तेवढा धीर पाच वर्षांच्या माणसाकडे नसतो.

आमच्या पोरीने तिसऱ्या दिवशी चवळी उकरून पाहिली. मी अडवायला गेलो तर आई म्हणाली, "अरे, उकरू दे ना तिले. पाह्यल्याशिवाय कसं समजन?" बी फुगलं होतं, पांढरा कोंब बाहेर आलेला. तिने ते उलटंच पुरलं. तरी उगवलं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा हौसेवर इतकं कशाला तापायचं? तापतो, कारण माझ्यासारखे कितीतरी लोक वावर सोडून शहरात आलेत, आणि आमच्या पोरांच्या कानावर शेती येते ती फक्त कर्ज आणि आत्महत्येच्या बातमीतून. मातीशी त्यांची पहिली ओळखही करपलेल्या रोपाचीच करून द्यायची?

असो. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, पण तारखेवर जाऊ नका, दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या. भारी काळी माती एकटी भरली तर पाणी तुंबतं, म्हणून निम्मं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळा. तोवर घरातली एखादी जुनी बादली शोधा आणि बुडाला भोकं पाडून ठेवा. भोकं तुम्ही पाडा, बाकी सगळं पोराला करू द्या.