खांद्याचे दुखणे आणि शस्त्रक्रियेची घाई

पनवेलहून पेणकडे निघाले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. रविवारी सकाळी अभयारण्यात पक्षीनिरीक्षकांची गर्दी असते. दुर्बीण डोळ्यांना लावून, कोपरे वर धरून ही मंडळी तासन्‌तास उभी असतात. महामार्गाच्या कडेला रानभाज्या, काकड्या विकायला बसलेल्या बाया पहाटेच डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरलेल्या असतात. आणखी पुढे पेण, हमरापूर, जोहे. तिथल्या गणपती कारखान्यांत घासकाम, रंगकाम, डोळ्यांची आखणी करणारा हात दिवसभर छातीच्या वरच असतो.

या सगळ्यांची एक तक्रार मात्र सारखीच ऐकू येते. हात वर नेला की खांद्यात कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ब्लाउजचे हूक लावायला किंवा शर्ट काढायला हात मागे जात नाही. आधी बाम, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग मालिश. सहा महिने असेच जातात. नंतर कोणीतरी एमआरआय काढायला सांगते. अहवालात ‘पार्शल टिअर’ असे दोन शब्द दिसतात आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

त्या टप्प्यावर पोहोचण्याआधी थोडे थांबावे, यासाठी हा लेख.

आत नेमके काय बिघडते?

मांडीचे हाड खोल वाटीत बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. तिथे उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसा हाडाचा गोळा टेकलेला असतो. म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो. हा लिंबू बशीवरून घसरू नये, याची मुख्य जबाबदारी चार लहान स्नायूंवर असते. डॉक्टर त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते ती कंडरा, म्हणजेच टेंडन. दुखणे बहुतेक वेळा या दोरीचे असते.

‘टेंडनायटिस’ या नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ दाह, सूज. म्हणून आपण सूज उतरवण्याच्या गोळ्या खात राहतो. पण महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंडरेत सूज फारशी नसतेच, असे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दोरीचे धागे विस्कटलेले असतात, त्यांची डागडुजी अर्धवट राहिलेली असते. म्हणून डॉक्टर आता ‘टेंडिनोपथी’ हा शब्द वापरतात. नावातला हा बदल वरवरचा नाही. सूज असती तर विश्रांती आणि गोळी पुरली असती. विस्कटलेल्या धाग्यांना पुन्हा ओढ सोसायला शिकवावे लागते, आणि ते काम व्यायामाचे आहे.

कंडरेच्या दुखण्याशी महाराष्ट्राची ओळख सचिन तेंडुलकरमुळे झाली. २००४ साली त्याच्या ‘टेनिस एल्बो’ने घराघरांत कोपराची चर्चा घडवली. त्याच्या कोपरावर आणि नंतर २००६ साली खांद्यावरही शस्त्रक्रिया झाली. ‘सचिननेसुद्धा केली ना?’ हा प्रश्न त्यामुळे आजही ऐकू येतो. पण रोज हजारो चेंडू खेळणाऱ्या माणसाचा खांदा आणि पन्नाशीतल्या गृहिणीचा किंवा रंगाऱ्याचा खांदा यांची गणिते वेगळी असतात.

एमआरआयला किती घाबरायचे?

अमेरिकेतील एका अभ्यासात ४० ते ७० वर्षे वयाच्या ५१ पुरुषांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली गेली. त्यांच्यापैकी कोणाचाही तो खांदा दुखत नव्हता. तरीही ९६ टक्के खांद्यांत काही ना काही दोष सापडला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वयाबरोबर केस पिकतात, तसे कंडरेचे धागेही विरतात. अहवालात दिसणारी फाट हेच दुखण्याचे कारण आहे, असे त्यामुळे लगेच म्हणता येत नाही.

हाड कंडरेवर घासते म्हणून ती खराब होते, असा सिद्धांत अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडला. मग ते हाड दुर्बिणीतून तासण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. ती खरोखर उपयोगी पडते का, हे ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांनी ३१३ रुग्णांवर तपासले. काहींचे हाड तासले, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केले नाही. निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, दोघांनाही सारखाच आराम पडला होता. काहीच न केलेल्यांशी तुलना केली तर फरक इतका किरकोळ होता की रुग्णाला तो जाणवेल असे नाही. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, हात गळ्यात बांधून ठेवू नका. दुखते म्हणून न हलवलेला खांदा आखडतो आणि एका दुखण्याची दोन होतात. काम पूर्ण बंद करण्याची गरज नाही, पण कामाची उंची बदला. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवली, स्वतःचे स्टूल उंच केले, तर आखणीचा हात छातीच्या खाली राहतो. लोकलमध्ये कडी धरायचा हात बदलत राहा. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी घ्या.

व्यायामाची सुरुवात अगदी साधी असते. भिंतीला पाठमोरे किंवा बाजूला उभे राहून कोपर अंगाशी ठेवायचे, हात न हलवता भिंतीवर दाब द्यायचा आणि तो काही सेकंद टिकवायचा. हे जमले की भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, मग रबरी पट्टा ओढणे, मग पाण्याची बाटली उचलणे. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे पूर्ववत झाले असेल तर मात्रा बरोबर. वाढलेले असेल तर कमी करायची. फरक दिसायला १२ आठवडे लागू शकतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्याच आठवड्यात सोडून देतात!

यासाठी फिजिओथेरपीच्या वीस-वीस बैठका लागतात का? ब्रिटनमध्येच ७०८ रुग्णांवर झालेल्या आणखी एका चाचणीत (२०२१) काहींना फिजिओथेरपिस्टच्या सहापर्यंत भेटी दिल्या. बाकीच्यांना एकदाच नीट वेळ देऊन समजावले आणि व्यायाम घरी करायला सांगितले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. रोज यंत्राखाली खांदा शेकून घेण्यावर हजारो रुपये घालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. एक चांगली भेट आणि घरची भिंत यांवर बऱ्याच जणांचे काम भागते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही याच चाचणीत पाहिले गेले. त्याने पहिल्या काही आठवड्यांत थोडा आराम मिळतो, वर्षअखेरीस फायदा उरत नाही. झोपच लागत नसेल तर एखादे इंजेक्शन व्यायाम सुरू करायला मदत करते. पुन्हा पुन्हा घेतल्यास कंडरा कमजोर होण्याचा धोका असतो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, हे आधीच माहीत असावे.

मधुमेहींसाठी वेगळे

दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल, बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर तो ‘फ्रोझन शोल्डर’ असू शकतो. हे दुखणे कंडरेचे नसून सांध्याभोवतीच्या आवरणाचे असते. मधुमेहींत ते बरेच जास्त आढळते. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आयसीएमआरचा २०२३ सालचा अभ्यास सांगतो, तेव्हा आखडलेला खांदा दिसला की आधी साखर तपासणे शहाणपणाचे. हा खांदा मोकळा व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात, पण बहुतेकांचा होतो. त्याला जोराने ओढून ‘सोडवून’ देणाऱ्यांपासून लांब राहावे.

शस्त्रक्रिया कधी?

शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलेनासा झाला तर आठवडे घालवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ताजी मोठी फाट लवकर शिवणे चांगले. खांदा वारंवार निखळत असेल, किंवा तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम करूनही फरक नसेल, तरीही हा पर्याय चर्चेत यावा. ताप, वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ असेल तर तपासणी लांबवू नये. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर बाम चोळत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न व्यवस्थेचाही आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर पैसे देतात, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीला देत नाहीत. त्यामुळे लाखभराची शस्त्रक्रिया विम्यात बसते आणि काही शे रुपयांचा सल्ला खिशातून जातो. रोजंदारीवरच्या माणसाचा तर त्या भेटीसाठी दिवसाचा रोजही बुडतो. पेण-हमरापूरच्या कारखानदारांनी हंगामाआधी एक दिवस फिजिओथेरपिस्ट बोलावून कारागिरांना हे व्यायाम शिकवले, तर खर्च एका मध्यम मूर्तीच्या किमतीपेक्षा फार नसावा. आणि कर्नाळा परिसरातल्या वाड्यांवरच्या बायांना पनवेलपर्यंत यावे लागू नये, म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवायला काय हरकत आहे? त्याला यंत्र लागत नाही. एक रबरी पट्टा आणि एक मोकळी भिंत लागते.