फलकावरचं नाव वाचलंत, आता लेखाशीर्ष विचारा

टेंभुर्णीकरांनो, गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसायच्या आधीच फलक लागतो. आमदारांचा फोटो मोठा, ‘विशेष प्रयत्नांतून’ हे शब्द ठळक, आणि पैसा कुठल्या खात्याचा ते कोपऱ्यात बारीक अक्षरात. बऱ्याचदा तेवढंही नसतं. पुढच्या वेळी नारळ फुटताना तिथं असाल तर एवढंच विचारा: लेखाशीर्ष कोणतं?

लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पात खर्च ज्या आकड्याखाली दाखवतात, तो आकडा. ठेकेदारांना हे आकडे तोंडपाठ असतात. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे ग्रामविकास खात्याचा, गावातल्या मूलभूत सुविधांचा पैसा. ‘पन्नास-चोपन्न’ म्हणजे रस्ते आणि पूल. आमदारांच्या नावावरचा स्थानिक विकास निधी वेगळा, वर्षाला 5 कोटी. त्यातही आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची लागते. आपल्या माढा मतदारसंघातली गावं मोजा आणि 5 कोटींना भागून बघा. मोठा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातूनच येतो.

आणि आमदाराचं खरं काम तिथंच आहे. प्रत्येक खातं आपल्या खर्चाची मागणी विधानसभेपुढं ठेवतं. राज्यघटनेच्या 203व्या कलमाप्रमाणे सभागृह ती मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं; एक रुपयाही वाढवू शकत नाही. विधान परिषदेच्या आमदारांना तर या मागण्यांवर मतच नाही, फक्त चर्चा. म्हणून आपलं काम यादीत घालायचं तर मागणी छापली जाण्याआधीच मंत्र्याच्या आणि खात्याच्या मागे लागावं लागतं. नंतर भाषण कितीही जोरदार झालं तरी आकडा वाढत नाही.

मग सभागृहात बसून उपयोग काय? उपयोग आहे. आमदार विरोधी बाकावर असला तरी कपात सूचना देऊन खात्याला उत्तर द्यायला लावू शकतो, तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो. खर्च होऊन गेल्यावर कॅगचा अहवाल लोकलेखा समितीपुढं जातो, तिथंही आमदारच असतात. या कामाचा फलक मात्र कुठं लागत नाही, म्हणून आपण ते विचारतही नाही. 1995 ते 2024 माढ्याचे आमदार बबनराव शिंदे होते, आता अभिजित पाटील आहेत. प्रश्न दोघांनाही तोच: सार्वजनिक बांधकामच्या मागणीवर आपण बोललात का?

(पुणे-सोलापूर हायवेचे खड्डे यात आणू नका. तो रस्ता केंद्राचा, ते खासदारांना विचारा.)

आणखी एक. ‘काम बजेटला लागलं’ म्हणजे पैसे आले असं नव्हे. मोठ्या रकमेच्या कामाला पहिल्या वर्षी किरकोळ तरतूद ठेवायची, हा जुना रिवाज आहे. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. बिलं थकल्यामुळं राज्यभरचे ठेकेदार आंदोलनाला उतरलेले आपण पाहिलेत. म्हणून मंजूर किती हे विचारून थांबू नका, वितरित किती झाले तेही विचारा.

पंचवीस-पंधराच्या कामांचे शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर मराठीत असतात. त्यांच्यासोबतच्या यादीत तालुका, गाव, कामाचं नाव आणि लाखांतली रक्कम दिलेली असते. मोबाईलवर उघडा आणि आपल्या गल्लीतल्या फलकाशी ताडून बघा.

अर्थसंकल्पानंतरच्या वाढीव खर्चासाठी पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतात. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असतं, तेव्हा दिवाळीच्या आसपासच चार शेजारी मिळून आमदारांना लेखी निवेदन द्या. त्यात रस्त्याचं नाव, लांबी आणि लेखाशीर्ष लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.