संकल्पास देशकाल हवा

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली की आमच्या बिदर-कलबुर्गी भागातील सुशिक्षित मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: “यंदा काहीतरी लिहावयाचे आहे.” आमचे स्पष्ट मत असे की, हा संकल्पच नव्हे.

देवापुढे बसून आपण संकल्प कसा सोडतो? संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार करतो; कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी बसलो आहो ते सांगतो; नाव-गोत्र व करावयाचे कर्म सांगतो, आणि मगच उदक सोडतो. “यंदा काहीतरी” या शब्दांत यांपैकी काय आहे? असा संकल्प मोडला तरी कोणास कळत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो तसा मोघम केला जातो.

वाचनाच्या बाबतीत मात्र आपण असे ढिले नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत जावयाचे, हे ठरलेले असते. तो नेम चुकू नये म्हणून माणसे दुखणे अंगावर काढतात. गाणगापूरची महती घरोघर पोहोचविणारा हा ग्रंथ सरस्वती गंगाधरांनी सोळाव्या शतकात रचला. त्यांच्या घरची भाषा कन्नड होती, असे अभ्यासक मानतात. तरी ग्रंथ मराठीत झाला. त्यांचे लिहिलेले वाचावयास आपणांस नेम आहे; स्वतः लिहावयास नाही!

यावर उत्तर येते की, १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा एकीकडे, भालकी-हुमनाबाद दुसरीकडे, जहीराबाद-नारायणखेड तिसरीकडे. मुले कन्नड वा इंग्रजी शाळांत जातात. मग मराठीत लिहावयाचे कोणासाठी? ही व्यथा खरी आहे. पण ती न लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड व हिंदी अशा भाषांतून पदे रचली. ज्यास मराठी साधत नसेल त्याने कन्नडात लिहावे, कोकणीत लिहावे, पण लिहावे.

कारण काळ थांबलेला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंचाऐंशी ओलांडून गेले आहेत. गावोगावच्या उत्सवांची वहिवाट, ओव्या, घरच्या मोडी कागदांचा अर्थ या गोष्टी अशाच वृद्धांपाशी उरल्या आहेत. त्या कोणा सरकारी दप्तरात सापडावयाच्या नाहीत.

म्हणून संकल्प लहान असावा, पण मोजलेला असावा. साधारण वर्षात २४ एकादशा येतात. दर एकादशीस दोन पाने लिहिली तर ४८ पाने होतात. आपल्या देवळाचा, गल्लीचा किंवा आजीच्या माहेरचा वृत्तांत तेवढ्यात सुखाने मावतो. विषय एकच घ्यावा. कादंबरी, आत्मचरित्र आणि काव्यसंग्रह एकाच पाडव्यास योजणारा आषाढी एकादशीपर्यंत तिन्ही विसरलेला असतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास मुळी लेखनक्रियेवर आहे. ग्रंथ संपेपर्यंत अक्षर पहिल्यासारखेच राहावे, कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडू नये म्हणून भोवती जागा सोडावी, इतक्या बारकाईने समर्थ तेथे सांगतात. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यांनी तो समास अवश्य वाचावा.

तेव्हा येत्या पाडव्यास नव्या वहीच्या पहिल्या पानावर तिथी, गाव, विषय व पानांची संख्या लिहून खाली सही करावी, आणि दर एकादशीस ती वही घरातील नातवंडापुढे ठेवावी. त्यास मराठी वाचता येत नसले तरी पाने मोजता येतात.