हवा पाहिली, पाणी पाहिलें काय ?

जालना जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत मुलाला वा मुलीला बाहेरगांवीं नोकरी लागली, कीं एक वाद हटकून सुरू होतो. कायमचें बिऱ्हाड करावयाचें कोठें ? पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस, नागपुरास, कीं जवळच्या छत्रपती संभाजीनगरांत ? मग प्रत्येक शहराचे वकील उभे राहतात. पुण्याचा वकील तेथील हवेची महती गातो, मुंबईचा समुद्राच्या वाऱ्याची साक्ष काढतो, हैदराबादचा तेथील सायंकाळ कशी गार असते तें सांगतो. आणि नागपूरचें नांव निघतांच ऐकणारांच्या कपाळावर आगाऊच घाम येतो. पगार, घरभाडें व शाळा यांचा हिशेब होतो खरा; पण तो उरकला कीं निकाल बहुधा उन्हाळ्यावर लागतो. जेथें ऊन सोसवेल तेथें घर घ्यावें, असा हा न्याय आहे. आमचें भांडण या न्यायाशीं आहे.

आपल्या भाषेंत 'हवापाणी' असा एक जोडशब्द आहे. आजारी माणसाला हवापाणी बदलण्यासाठीं पाठवीत, केवळ हवा बदलण्यासाठीं नव्हे. आजच्या घरशोधकांनीं या शब्दाचे दोन तुकडे करून पहिला तेवढा उचलला आहे. हवा घ्यावयाची ती कोणत्या शहराची, याचा काथ्याकूट ते करितात. पाणी मात्र नळास येणारच, असें गृहीत धरून चालतात. इतर कोणी असें गृहीत धरिलें तर तें एक वेळ क्षम्य म्हणतां येईल. जालनेकरांना ती सोय नाहीं.

आमच्या वाडवडिलांना ही निवड फारशी उपलब्धच नव्हती. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. मनमाडहून हैदराबादेस जाणारी रेल्वे १९०० सालीं सुरू झाली. वरिष्ठ न्यायालय तेथें, सरकारी कचेऱ्या तेथें, आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठहि तेथेंच. मोठें शहर म्हणजे हैदराबाद, हें ठरलेलेंच असे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९५८ सालीं औरंगाबादेस विद्यापीठ निघालें. तेव्हांपासून जालनेकरांचें तोंड पश्चिमेकडे वळलें. आज चारी दिशा मोकळ्या आहेत. जेथें निवड नव्हती तेथें विचार न करणें हा दोष नव्हता. जेथें ती आहे तेथें तो दोष आहे.

प्रथम हवेचाच हिशेब पाहूं. जालना, पुणें आणि हैदराबाद हीं तिन्ही गांवें एकाच दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारणपणें पांचशें ते साडेपांचशें मीटरांच्या आसपास वसलेलीं आहेत. पुण्याच्या रात्री काहींशा सुखाच्या असतील. पण चैत्र-वैशाखांत पारा तेथेंहि चाळिशी ओलांडतो, आणि ज्या झाडांच्या व मोकळ्या माळांच्या भरंवशावर पुण्याच्या हवेची कीर्ति झाली त्यांच्याच जागीं आज बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. मुंबईस पारा कमी चढतो, परंतु दमट हवेंत घाम वाळत नाहीं. नागपूर तापतें यांत शंका नाहीं. २०१३ च्या मे महिन्यांत तेथें पारा ४७ अंशांच्या पुढें गेला होता. पण ज्यानें मंठा-परतूरचा उन्हाळा काढला आहे त्यानें नागपूरच्या उन्हाला इतकें भ्यावें, ही जरा गंमतच आहे ! ऊन दोन-अडीच महिन्यांचें असतें. पाणी बाराहि महिने आणि रोज सकाळीं लागतें.

आतां पाण्याचा हिशेब. मुंबई सात जलाशयांचें पाणी पिते. त्यांपैकीं विहार व तुळशी हे दोनच तिच्या हद्दींत आहेत. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यांत आहेत तेथील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकर धांवतात. पुण्यास खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांचा आधार आहे. पण त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाहि हक्क आहे, आणि शहराच्या कडेनें उठलेल्या कित्येक नव्या वसाहतींत संगमरवरी जिना व पोहण्याचा तलाव असून पिण्याचें पाणी टँकरनें येतें. १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद उद्ध्वस्त केलें. त्यानंतर बांधलेले उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव शहराला पुरेसे वाटत होते. आज तें शहर शंभराहून अधिक किलोमीटरांवरून कृष्णेचें व गोदावरीचें पाणी ओढून आणतें. छत्रपती संभाजीनगर जायकवाडीच्या नाथसागरापासून फार दूर नाहीं. तरी २०२२ च्या उन्हाळ्यांत तेथें नळास सात-आठ दिवसांनीं पाणी येई आणि लोकांना मोर्चा काढावा लागला. नागपुरास पेंच व कन्हान यांचें पाणी आहे. तेथेंहि सर्व मोहल्ल्यांत तें सारखें पोंचतें असें नाहीं. परंतु त्याची चौकशी होण्यापूर्वींच पाऱ्याकडे बोट दाखवून त्या शहराचें नांव खोडलें जातें, ही आमची तक्रार आहे.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें : पैसा असला म्हणजे पाणी विकत मिळतें. आम्ही विचारतों, तें विकणारा कोठून आणतो ? शेजारच्या खेड्यांतील विहिरींतून आणि बोअरमधून. आज जो शहरांत बसून टँकर मागवितो, तोच काल आपल्या गांवची विहीर कोरडी पडली म्हणून हळहळत होता. शिवाय विकतच्या पाण्याचा भरंवसा गरज थोडक्यांची असेल तोंपर्यंतच. सर्वांचीच टाकी एकदम रिकामी झाली म्हणजे काय होतें, तें २०१६ सालीं लातूरनें पाहिलें. तेथें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आणि आमचा जिल्हा तर २०१२-१३ चा दुष्काळ विसरूंच शकत नाहीं. वर्षानुवर्षें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या मोसंबीच्या बागा तेव्हां पाण्यावांचून वाळल्या व तोडाव्या लागल्या. त्या घरांतील मुलें आज फ्लॅट घेतांना 'बाल्कनींत वारा येतो ना ?' एवढेंच विचारतात !

दुसरें असें, कीं शहर बदललें तरी नदी बदलतेच असें नाहीं. पैठणहून निघालेली गोदावरी अंबड व घनसावंगी तालुक्यांच्या कडेनें वाहत पुढें तेलंगणांत जाते आणि तिचेंच पाणी हैदराबाद पितें. जालना शहराची तहानहि आज जायकवाडीवरच भागते. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणें आहेत. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडींत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडावें, असा निर्णय जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें २०१४ सालीं दिला व उच्च न्यायालयानें तो २०१६ सालीं उचलून धरिला. पाणी हा केवळ निसर्गाचा प्रसाद नसून कायद्याचा, भांडणाचा आणि शेजारधर्माचा विषय आहे, हें याहून स्पष्ट कसें व्हावें ?

म्हणून घर शोधणाऱ्या कुटुंबांस आमचें सांगणें असें : घर दिवाळींत पाहूं नका, मे महिन्यांत पाहा. बिल्डरच्या कारकुनास विचारूं नका. त्या इमारतींत पांच वर्षें राहिलेल्या गृहिणीस विचारा. नळ किती वाजतां येतो, किती वेळ असतो, वर्षांतून किती महिने टँकर लागतो, त्याचा खर्च कोणाच्या माथीं बसतो, आणि सांडपाणी कोठें जातें, हे पांच प्रश्न पुरेत. पहांटे तीनला उठून भांडीं भरण्याची पाळी बहुधा घरच्या सुनेवर येते; वीज गेली म्हणजे अकराव्या मजल्यावरच्या आजीबाईंना घागर कोण नेऊन देणार ? घराच्या निवडींत त्या दोघींचें मत कोणीं घेतलें होतें ?

कोणीं जालना सोडूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. विद्या व उद्योग यांसाठीं माणसें जाणारच, आणि त्यांनीं जावें. पण याच जिल्ह्यांत कडवंचीसारखें गांव आहे. तेथील लोकांनीं पाणलोटाचीं कामें केलीं, शेततळीं खणलीं आणि कोरडवाहू शिवारांत द्राक्षें पिकविलीं. जालना शहरांतील नागरिकांनीं घाणेवाडीच्या तलावांतील गाळ लोकवर्गणीनें उपसला. पाणी येतें कोठून व राखावें कसें, हें ज्ञान आमच्या लोकांनीं असें कष्टानें मिळविलें आहे. मोठ्या शहरीं जातांना तें गांवाच्या वेशीवर टाकून जाऊं नये. जें शहर आपल्या पाण्याचा हिशेब उघडपणें देईल तें निवडावें. आणि जें देत नसेल तेथें राहणें भाग पडलें, तर तो मागण्याचें काम स्वतःकडे घ्यावें. ऊन पंख्यानें, वाळ्याच्या पडद्यानें, नाहींतर सवयीनें निभतें. कोरड्या नळास अशी तोड नाहीं.