माझं डिसेंट कुठे गेलं?

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं. एक ठराव एका तरुण कार्यकर्तीला पटला नव्हता. तिने कारणं मांडली, बाकी सगळ्यांनी ठराव मंजूर केला. मी सवयीने लिहिलं, ‘एकमताने मंजूर’. रात्री तिचा मेसेज आला, ‘भाई, माझं डिसेंट कुठे गेलं?’ मी दुरुस्ती केली, ‘एका सदस्याचा विरोध’. त्यावर ती म्हणाली, ‘मी विरोध नाही केला. कामाला मी येणारच आहे. माझं मत वेगळं होतं, तेवढं नोंदवा.’

मी इंजिनिअर, भाषेचा अभ्यासक नाही. तरी शब्दकोश उघडला. डिसेंट हा शब्द लॅटिनमधून आला. ‘डिस’ म्हणजे वेगळं आणि ‘सेंतिरे’ म्हणजे वाटणं. संमती या अर्थाचा कन्सेंट याच धातूचा आणि सेंटिमेंटही याच धातूचा! सेंटिमेंट दुखावलं की आपण लगेच रस्त्यावर येतो. त्याचं सख्खं भावंड असलेलं डिसेंट दाबलं गेलं, तर मात्र कुणाला काही वाटत नाही.

चहात साखर किती, यावरही डिसॲग्री होता येतं. डिसेंट त्याहून वजनदार आहे. बहुमताने किंवा अधिकाराने जे ठरलं, त्यापासून वेगळं मत कारणांसह जाहीर मांडणं म्हणजे डिसेंट. म्हणून तो शब्द न्यायालयात जास्त ऐकू येतो. आणीबाणीत अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येईल का, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटलं. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी भिन्नमत लिहिलं. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. खन्नांचं मत कागदावर होतं, म्हणून एक्केचाळीस वर्षांनीही ते हाताशी होतं.

उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, इख्तिलाफ आणि मुखालफत. धातू एकच, पण पहिल्याचा अर्थ मतभेद, दुसऱ्याचा विरोध. कोकणातले मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. नमाजीत हात कुठे बांधायचे, यावरही त्यांच्यात इख्तिलाफ आहे. तरी ते एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या इमामांचा मतभेद आपण आदराने सांभाळतो. मग घरातल्या मुलीने, मोहल्ल्यातल्या तरुणाने वेगळं मत मांडलं, की ती मुखालफत कशी होते?

मित्रहो, ‘एकमताने’ हा शब्द लिहिण्याआधी आता मी सगळ्यांचे चेहरे आठवतो. त्या इतिवृत्तात शेवटी लिहिलं, ‘ठराव बहुमताने मंजूर. एका सदस्येचं भिन्नमत कारणांसह नोंदवलं.’ पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी कामावर हजर होती.