पातेलं एकटं शिजलं तर कुणाचं काय बिघडतं?

गेल्या कापूस वेचणीतली गोष्ट. लासूर स्टेशनला आमच्या गटाची बैठक संध्याकाळी सहाला ठेवली होती. विषय साधा नव्हता. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. त्याचं काय करायचं, हे ठरवायचं होतं. सहाला मी आणि सतरंजी. साडेसहाला दोघी आल्या. पावणेआठला आणखी चौघी, त्यातल्या एकीच्या बोटांवर बाजरीचं पीठ तसंच वाळलेलं. आणि जिच्याशिवाय बैठकीला अर्थ नव्हता, ती ग्रामपंचायत सदस्य बाई आलीच नाही.

मी घरी गेले. बाई चुलीपुढे.

"ताई, पाव्हणे आलेत. कोंबडी टाकलीय. बुडाला लागंल, सोडून कशी येऊ?"

कोंबडी तिनंच पाळलेली होती. अंडी विकून ती स्वतःचा चार पैशांचा खर्च भागवते. पाहुणे तिच्या नवऱ्याचे. कापायची असं ठरवलं त्यानं. आणि बाहेर बाजेवर बसून तो पाहुण्यांशी पाण्याच्या टाकीच्या कामाबद्दल बोलत होता. या घरातून पंचायतीत निवडून कोण आलंय, हे मला क्षणभर आठवावं लागलं.

२०११ साली महाराष्ट्रानं पंचायतींमध्ये बायकांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या. त्यासाठी आपण मोर्चे काढले, शिबिरं घेतली, पुस्तिका छापल्या. जागा मिळाली. पण संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास कुणी राखीव केले नाहीत. ते चुलीच्या नावावर आहेत, आणि चूल बाईच्या.

म्हणून या वेळी मी कोंबडीवर लिहिणार आहे. आपल्या अंकात पाककृती? संपादक मंडळातल्या मैत्रिणींचे चेहरे मला दिसतायत. 'खमंग आणि चुरचुरीत' वाल्या मासिकांना कंटाळूनच तर आपण वेगळं नियतकालिक काढलं! मीही परवापर्यंत हेच म्हणत होते. पण ज्या बायकांसाठी हा अंक निघतो, त्यांना तो वाचायला बसू न देणारी गोष्ट पातेल्यातच असेल, तर पातेल्यात डोकवायला हवं.

माझ्या नणंदेनं परदेशातून येताना मला विजेचं एक भांडं आणलं होतं. स्लो कुकर म्हणतात त्याला. खाली भाज्या, वर कोंबडी, पाणी अगदी थोडं, झाकण लावायचं, बारीक आचेचं बटण फिरवायचं आणि सहा-सात तास विसरून जायचं. सोबतच्या पुस्तिकेत पानोपानी एकच शब्द: सोपं. ते भांडं अमेरिकेत १९७१ साली 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आलं आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांमध्ये धडाक्यानं खपलं. त्याच्या मुळाशी असलेलं पेटंट इर्विंग नॅक्सन यांना १९४० सालीच मिळालं होतं. कल्पना त्यांच्या आईच्या आठवणीतली. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत बायका शुक्रवारी अंधार पडायच्या आत मांस-कडधान्याचं भांडं गावातल्या भट्टीत ठेवून येत, कारण शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. रात्रभर ते आपोआप शिजे. धर्माच्या आज्ञेनं का होईना, चुलीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी! आपल्या उपासांना तेवढंही जमलेलं नाही. घरातल्या चौघांचा उपास असला तर बाईला साबुदाणा, भगर आणि उपास नसलेल्यांचा वेगळा स्वयंपाक, असं तिप्पट काम पडतं.

आपल्याकडेही १९१०च्या सुमारास बंगालात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळसे, वर डबे, ठेवून द्यायचं आणि निघून जायचं. तो एकट्यानं राहणाऱ्या, फिरतीवर जाणाऱ्या पुरुषांना भारी सोयीचा वाटला. पुरुषाला स्वतः शिजवून खायची वेळ आली की पातेलं एकटं शिजू शकतं. बाई घरात असली की मात्र त्याला राखण लागते!

या भांड्यांचं मला फार कौतुक आहे असं नाही. बाई नोकरीला बाहेर पडली तर स्वयंपाक नवऱ्यानं करावा, असं त्या अमेरिकन कंपनीला सुचलं नाही. जबाबदारी बाईचीच ठेवून तिच्या गैरहजेरीची सोय तेवढी केली. हे मनात ठेवूनच मी ते भांडं लासूर स्टेशनला नेलं. बायकांनी झाकण उघडून पाहिलं, वास घेतला आणि पहिलाच प्रश्न आला: "लाइट गेली तर?" बरोबर. अर्धवट कोमट झालेली कोंबडी म्हणजे दवाखान्याची वाट. भांडं माझ्या माळ्यावर परत गेलं.

पण एक म्हातारी म्हणाली, पूर्वी लेकराचं दूध गरम राहावं म्हणून तांब्या गोधडीत गुंडाळून ठेवायचो. तिथून सुरुवात झाली. कांद्याच्या मोंढ्याच्या गावात लाकडी खोक्याला काय तोटा! एका खोक्यात तळाला आणि चारी बाजूंनी चार बोटं जाडीचा भुसा भरलेली पोती, मध्ये पातेल्यापुरती जागा, वरून जुन्या गोधड्या. झाली पेटी. गवताच्या अशा पेट्या महायुद्धाच्या काळात युरोपात इंधन वाचवायला घरोघर वापरल्या गेल्या होत्या. आम्ही काही नवीन शोध लावला नाही.

कृती अशी. दुपारी अडीच-तीनला, वेचणीहून आल्यावर, किंवा त्या दिवशी घरी राहिलेल्या कुणीही करावी. 'कुणीही' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. किलोभर बॉयलर कोंबडी, मोठे तुकडे. त्याला हळद, मीठ, आलं-लसूण, तिखट, घरचा काळा मसाला चोळायचा. चार कांदे उभे चिरून तेलात परतायचे, कोंबडी टाकून चांगली परतायची. मग बटाट्याच्या मोठ्या फोडी, गाजरं, शेवग्याच्या शेंगा, दोन टमाटे. चमचाभर येसर असलं तर रस्सा दाट होतो. उकळतं पाणी घालून पातेलं पाऊण भरायचं. भांडं अर्धं रिकामं राहिलं तर लवकर निवतं, म्हणून माणसांच्या बेतानं भांडं लहान घ्यावं. खदखदून उकळी आली की झाकण ठेवून पुरती वीस मिनिटं उकळू द्यायचं. यात काटकसर नको, कोंबडी खरी शिजते ती इथेच. गावरान असेल तर पाऊण तास. मग झाकण न उघडता पातेलं तसंच्या तसं पेटीत, वर गोधड्या दाबून. तीन तास, फार तर चार. मध्ये उघडून बघायचं नाही, रात्रभर ठेवायचं नाही. जेवायच्या आधी पुन्हा एक कडक उकळी. शेंगा आख्ख्या राहतात, बटाटा विरघळत नाही, मांस हाडापासून सुटतं. भाज्या पोटात असल्यामुळे वेगळं कोरड्यास नको. पातेल्यापाशी उभं राहायचा वेळ मांडला तर सगळा मिळून पाऊण तास.

पाच घरांत करून पाहिलं. चव सगळ्यांना आवडली. आणि तरी चार घरांत भांडण झालं!

एक म्हणाला, "कोंबडी काय गोधडीत निजवायची असती का?" यावर आम्ही सगळ्याच हसलो, तो विनोद चांगला होता. दुसऱ्या घरी सासूबाईंनी मुद्दा काढला: दुपारचं रात्री, म्हणजे शिळं. मला या शिळ्याबद्दल जरा सविस्तर बोलायचंय. आमच्या भागात सकाळी शेतात जाताना बाई काय बांधून नेते? रात्रीची भाकर. पातेल्याच्या बुडाशी उरलेलं दुसऱ्या दिवशी कोण संपवतं? शिळं हे फक्त त्याच्या ताटात आलं तरच शिळं असतं. आणि हायवेवरच्या ढाब्यावर सकाळी चढवलेली हंडी रात्री दहाला हेच लोक बोटं चाटून खातात, वर पैसे मोजतात. कंदुरीला शेतात पुरुष स्वतः मोठाल्या पातेल्यांत मटण शिजवतात. तेव्हा आच कमी करून पातेलं तासन्‌तास सोडून देतात, झाडाखाली पत्ते कुटतात, आणि त्यांच्या हाताच्या चवीची गावभर तारीफ होते. (वाटण कुणी वाटलेलं असतं, ते कुणी विचारत नाही.)

तेव्हा प्रश्न चवीचा नाही, ताजं-शिळ्याचाही नाही. तो जेवायला बसला की बाई तव्यापाशी असली पाहिजे आणि एकेक भाकर फुगवून ताटात टाकली पाहिजे, याचा आहे. गरम भाकर हे अन्न कमी आणि हजेरी जास्त आहे. पातेलं एकटं शिजलं की ती हजेरी चुकते. म्हणून सोपं जेवण आपल्या घरांना नको असतं. यंत्र नाही म्हणून ते अडलेलं नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठीच्या बिनमोबदला घरकामात बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. यात जे हे काम करतात तेवढेच धरलेत. ज्यांनी त्या दिवशी काडीही उचलली नाही, ते पुरुष या सरासरीत नाहीतच. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली, पण ती त्यांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ कमी झाली! गॅस आला, मिक्सर आला, त्याचा फायदा त्यांनीही वाटून घेतला. ५ जानेवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाला आर्थिक मोल आहे, असं ठामपणे सांगितलं आणि वेळेच्या याच पाहणीचा आधार दिला. खटला अपघातात मेलेल्या बाईच्या भरपाईचा होता. जिवंतपणी हा हिशेब कोण मांडणार?

आणि ताटात काय पडतं, तेही पाहू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. तंगड्या पाहुण्यांना, कलेजी लेकराला किंवा मालकांना. (नवऱ्याला 'मालक' म्हणणं आपण कधी सोडणार?) शेवटी बसणाऱ्या बाईला मान, पंखा आणि रश्शाचं बूड. आमच्या कृतीत म्हणून एक ओळ जास्तीची आहे: पातेलं उघडलं की सगळ्यांची ताटं एकदम वाढायची, तिचंही, आणि भाकरी आधीच करून फडक्यात गुंडाळलेल्या. खरं सांगायचं तर भांडणं पेटीवरून कमी झाली, या ओळीवरून जास्त.

वाचलेल्या वेळाचं पुढे काय झालं, हेही लपवू नये. एकीनं तेवढ्यात आणखी कापूस वेचला. वेचणी किलोवर असते, पैसे वाढले आणि नेहमीसारखे नवऱ्याच्या हातात गेले. एकीला सासऱ्यांनी गोठ्याचं काम लावून दिलं, रिकामी दिसली म्हणून. तिसरी झोपली. तिचा नवरा तक्रार घेऊन माझ्याकडे आला: "म्याडम, तुमच्या त्या खोक्यापायी बाई दिसा झोपाया लागली." एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हांला दिवसाच्या चोवीस तासांचं घड्याळ काढून बायकांची कामं भरायला शिकवलं होतं. त्या घड्याळात झोपेचा तुकडा रात्रीचाच असायचा, दहा ते चार. दुपारी चार वाजता झोपलेली बाई आमच्या शिक्षणातही बसत नव्हती. मी त्या भाऊंना सांगितलं, झोपू द्या. याहून चांगलं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. वाचलेला वेळ उत्पन्नात, बचतगटात, अगदी आमच्या बैठकीतसुद्धा लागलाच पाहिजे, हा हट्टही शेवटी तिच्या वेळावर दुसऱ्यानं सांगितलेला हक्कच झाला.

पुढच्या बैठकीला सहाला सात जणी होत्या. सदस्य बाई सव्वासहाला आल्या. महिला सभेची खरी तारीख आणि खरी वेळ मागणारा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, दोनदा खाडाखोड करून. घरी कोंबडीच होती, पेटीत. साडेसातला त्यांचा मुलगा विचारायला आला, पातेलं काढू का. त्या म्हणाल्या, "काढ, अन् उकळी आण. मला टाइम हाय."

सध्या गटात वाद चालू आहे तो खोक्याला नीट झाकण करायचा. सुताराला द्यायचे पैसे गटाच्या खात्यातून घ्यायचे की नाही? काहींचं म्हणणं, स्वयंपाकाची गोष्ट आहे, ज्याच्या त्याच्या घरानं बघावं. माझ्या मते हा बैठकीचा खर्च आहे. निर्णय पुढच्या वेळी, सहा वाजता.