सोळा आणे खरे?

संगणक कधी चुकत नाही, असा एक समज समाजात घट्ट रुजला आहे. पगारपत्रकातील किंवा बिलातील आकड्यावर कोणी हरकत घेतली, तर ‘हा संगणकाने काढलेला आकडा आहे’ एवढेच उत्तर त्याला पुष्कळदा मिळते आणि तो निमूटपणे मागे फिरतो. या समजाची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. आज सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या ‘पायथन’ या संगणकीय भाषेत ०.१ अधिक ०.२ किती, एवढे विचारावे. शाळकरी मूल ०.३ असे सांगेल. संगणक मात्र ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो आणि ही बेरीज ०.३ बरोबर आहे का, असे पुन्हा विचारल्यास ‘नाही’ म्हणतो!

गंमत इथेच संपत नाही. ०.१ ही संख्या एकेक करून दहा वेळा मिळवली, तर बेरीज १ होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायला सांगितली, तर २.६८ ऐवजी २.६७ मिळते. एकावर सोळा शून्ये अशी संख्या दशांश रूपात लिहून तीत १ मिळवला, तर तो समुद्रात पडलेल्या थेंबासारखा दिसेनासा होतो.

याचे कारण संगणकाच्या मोजण्याच्या रीतीत आहे. माणसाने दहा बोटांवरून दशमान पद्धती घेतली; संगणकाजवळ मात्र ० आणि १ ही दोनच बोटे आहेत. एक रुपया तिघांत वाटला, तर प्रत्येकाला ०.३३ रुपये मिळून एक पैसा उरतो. कारण एकतृतीयांश दशांशात कधी पूर्ण लिहिता येत नाही. द्विमान पद्धतीत तीच अडचण एकदशांशाची होते. त्याची द्विमान मांडणी अनंतापर्यंत चालते. संगणकाजवळची जागा मर्यादित असल्यामुळे तो ती मांडणी कुठेतरी तोडतो. अपूर्णांक साठवण्याच्या या रीतीला ‘फ्लोटिंग पॉइंट’ म्हणतात. १९८५ साली तिचे प्रमाणित नियम ठरले. त्यांनुसार सर्वसाधारण वापरात एका संख्येचे पंधरा ते सतरा अंकच विश्वासाने हाती लागतात.

येथे मराठी माणसाला जुन्या पाठांतराची आठवण व्हावी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सारे पाढे पाव आणि अर्ध्या भागांचे आहेत आणि असे भाग संगणकाला तंतोतंत साठवता येतात. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तोवर एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा आणि एक पैसा चौसष्टावा भाग होता. हे दोन्ही भाग द्विमानात चोख बसतात. आण्याच्या बारा पै मात्र बसत नाहीत, कारण बारामध्ये तीन दडलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि माणसाचा हिशेब सोपा झाला. चवली, पावली आणि अधेली बिनचूक जाणणाऱ्या संगणकाला आजचे दहा पैसे मात्र अचूक धरता येत नाहीत, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

सोळाव्या दशांश स्थळावरच्या चुकीने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ साली १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर त्याचे तिसऱ्या दशांशापुढचे अंक नुसते छाटले जात होते. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२५ च्या आसपास घसरला. हिशेब सुधारल्यावर खरा आकडा १०९८ च्या पुढे निघाला. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे येणारे क्षेपणास्त्र अमेरिकेच्या ‘पेट्रियट’ यंत्रणेला अडवता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते. तोडून साठवलेल्या एकदशांशातील सूक्ष्म चूक शंभर तासांत साचत जाऊन सेकंदाच्या एकतृतीयांशाएवढी झाली होती. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण चुकांनाही लागू पडते.

म्हणून संगणक टाकून द्यावा काय? मुळीच नाही. संगणक खोटे बोलत नाही. तो ‘जवळपास’ सांगतो. दोष आहे तो ‘जवळपास’ला ‘बरोबर’ समजणाऱ्या माणसाचा. हा भेद शिकवणारा थोर गुरू चेन्नईतच होऊन गेला. १९१२ साली श्रीनिवास रामानुजन तेव्हाच्या मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा तीस रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी काही विलक्षण संख्या दिल्या आहेत. ‘ई’ आणि ‘पाय’ हे स्थिरांक आणि ५८ चे वर्गमूळ यांच्यापासून सिद्ध होणारी त्यांतील एक संख्या २४५९१२५७७५१.९९९९९९८२ अशी सुरू होते. पुढचा पूर्णांक तिच्यापासून एककोट्यंशाच्या दुपटीहूनही कमी अंतरावर आहे. हे एकोणीस अंक संगणकाच्या सर्वसाधारण दशांश संख्येत मावत नाहीत. त्यामुळे ही संख्या पूर्णांक आहे की नाही, हे त्याला त्या रीतीने ठरवता येणार नाही. संगणक नसलेल्या काळात रामानुजनांनी मात्र ती पूर्णांक नाही, हे स्पष्ट दाखवले आणि ती पूर्णांकाच्या इतकी जवळ का, याचे मर्मही उलगडले.

आज त्याच चेन्नईत, तरमणीच्या टायडल पार्कसारख्या संकुलांत, असंख्य तरुण संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांच्या हातून तयार होणाऱ्या हिशेबावर कोणाची मजुरी, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे व्याज अवलंबून असते. उपाय अवघड नाहीत. पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवावा. किंवा पायथनमध्येच उपलब्ध असलेली दशमान गणिताची सोय वापरावी. उरलेला पैसा कोणाच्या खात्यात जाणार, हे आधी ठरवून ठेवावे. कारण तो प्रश्न गणिताचा नसून न्यायाचा आहे.

हे भान केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच हवे असे नाही. पगारपत्रकातील आकडा कागदावर पडताळून पाहणारा मजूर अडाणी नसतो. तो हिशेबाचा खरा राखणदार असतो. ‘हा आकडा कसा आला?’ असे विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि ‘संगणकाने काढला’ हे त्याचे उत्तर नव्हे. यंत्राचे ‘जवळपास’ सोळा आणे खरे करण्याची जबाबदारी शेवटी माणसाचीच आहे.